उत्खनन यंत्राची बकेट : माती, वजन आणि कामानुसार निवड

रस्ता, कालवा, जलवाहिनी, शेततळे किंवा खाण यांपैकी कोणत्याही कामासाठी उत्खनन यंत्र भाड्याने घेताना यंत्र किती टनी आहे, याची चौकशी सर्वप्रथम केली जाते. त्या यंत्राला कोणती बकेट लावलेली आहे, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. वस्तुतः जमिनीशी प्रत्यक्ष गाठ पडते ती बकेटचीच. इंजिनाची शक्ती आणि हायड्रॉलिक दाब यांचा उपयोग किती व्हावा, हे शेवटी बकेटचा आकार, रुंदी, वजन आणि दात यांवर ठरते. आपल्याकडे यंत्राचे भाडे बहुतेक ठिकाणी तासावर आकारले जाते. त्यामुळे बकेटची निवड चुकली, की वाढलेल्या तासांचा भुर्दंड शेतकऱ्यावर किंवा ठेकेदारावर पडतो. झिजलेल्या पिना आणि तडकलेला आर्म यांचा खर्च कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या मालकाला सोसावा लागतो. आणि काही वेळा ही चूक चरात उतरणाऱ्या मजुराच्या जिवावर बेतते.

मोठी बकेट म्हणजे जास्त काम, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती खरा आणि कोठे फसवा आहे, हे समजून घेतले तर निवडीचे बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

यंत्र आणि त्याचा हात

महाराष्ट्रात साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनन यंत्राला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे नाव पोकलेन या फ्रेंच कंपनीवरून रूढ झाले. लार्सन अँड टुब्रो या कंपनीने तिच्या सहकार्याने १९७० च्या दशकात भारतात अशी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. पुढे इतर अनेक कंपन्यांची यंत्रे बाजारात आली. तरीही लोकांच्या तोंडी तेच नाव राहिले. पुढे भरणीचे रुंद फावडे आणि मागे खोदाईचा हात असलेल्या चाकांच्या यंत्राला त्याच रीतीने ‘जेसीबी’ म्हटले जाते.

उत्खनन यंत्राच्या हाताचे तीन भाग असतात : यंत्राला जोडलेला बूम, त्याच्या पुढचा आर्म आणि टोकाची बकेट. बकेट दोन पिनांनी अडकविलेली असते. ती वळविणारा सिलिंडर जे बळ देतो, ते दातांच्या टोकाशी एकवटते. वीस टनी वर्गाच्या यंत्रात हे बळ साधारणपणे चौदा टनांच्या आसपास असते. हे बळ ठरलेले आहे. बकेट बदलल्याने ते वाढत नाही. मात्र ते किती रुंदीवर वाटले जाईल आणि पिनेपासून दातांचे टोक किती दूर असेल, हे बकेट ठरविते.

चौदा टनांचे बळ १२० सेंटिमीटर रुंदीच्या कडेवर विभागले, तर प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ११७ किलो बळ मिळते. तेच ७५ सेंटिमीटर रुंदीवर विभागल्यास सुमारे १८७ किलो मिळते. कठीण जमिनीत अरुंद बकेट सहज घुसते आणि रुंद बकेट वरच्यावर खरवडत राहते, याचे कारण हे आहे. बकेटची खोली वाढवून टोक पिनेपासून दूर नेले, तरीही उपलब्ध बळ त्याच प्रमाणात घटते.

क्षमतेच्या आकड्याचा अर्थ

बकेटची क्षमता घनमीटरमध्ये सांगितली जाते. परंतु एकाच बकेटचे दोन आकडे असू शकतात. कडांपर्यंत सपाट भरलेली बकेट हे एक माप आणि वर ढीग धरून भरलेली बकेट हे दुसरे. आयएसओ ७४५१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उत्खनन यंत्राच्या बकेटवरील ढीग एकास एक उताराचा धरला जातो. सीईसीई या युरोपीय पद्धतीत हा उतार दोनास एक, म्हणजे ढीग बुटका धरतात. त्यामुळे तीच बकेट पहिल्या पद्धतीत मोठी आणि दुसऱ्या पद्धतीत लहान दिसते. दोन बकेटींची तुलना करताना दोहोंचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहणे आवश्यक असते.

कागदावरची क्षमता आणि प्रत्यक्ष भरणारा माल यांतही अंतर असते. ओलसर दुमट माती बकेटमध्ये नीट बसते आणि ढीगही टिकतो. त्यामुळे क्षमतेच्या शंभर ते एकशे दहा टक्के माल येतो. कठीण चिकणमाती ८० ते ९० टक्के भरते. सुरुंगाने चांगला फुटलेला खडक ६० ते ७५ टक्के भरतो, तर नीट न फुटलेल्या मोठ्या शिळा असतील तर निम्मी बकेटही भरत नाही. दगडाच्या कामावर बकेट रिकामी दिसते, म्हणून ती आणखी मोठी घेण्याचा मोह होतो. खरे कारण मालाच्या आकारात असते आणि त्यावरील उपाय सुरुंगाच्या आखणीत असतो.

वजनाचे गणित

बकेट निवडताना पहिला प्रश्न मालाच्या वजनाचा असतो. खणून मोकळा झालेला एक घनमीटर बिटुमिनी कोळसा साधारण ९५० किलो भरतो. कोरडी वाळू सुमारे १,४००, ओली वाळू सुमारे १,८०० आणि ओली चिकणमाती सुमारे १,६५० किलो भरते. फुटलेला बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण २,००० किलोंच्या जवळ जातो. हेमॅटाइट प्रकारचे उच्च प्रतीचे लोहखनिज १,८०० पासून २,४५० किलोंपर्यंत जाऊ शकते.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. चंद्रपूर जिल्ह्यात किंवा छत्तीसगडमधील कोरबा परिसरात मोकळा कोळसा भरण्यासाठी १.४ घनमीटरची हलकी बकेट वापरली, तर एका खेपेत सुमारे १,३०० किलो माल उचलला जातो. हीच बकेट कर्नाटकातील बळ्ळारी किंवा ओडिशातील केंदुझर येथील लोहखनिजावर नेली आणि खनिजाचे वजन घनमीटरला २,२०० किलो धरले, तर पूर्ण भरल्यावर तीन टनांहून अधिक भार होतो. त्यात बकेटचे स्वतःचे सुमारे एक टन वजन मिळवावे लागते. हात लांब करून बाजूला फिरविताना एवढा भार वीस टनी यंत्राचा तोल घालवू शकतो.

यासाठी प्रत्येक यंत्राबरोबर भार उचलण्याचा तक्ता दिलेला असतो. आयएसओ १०५६७ या मानकानुसार त्यातील आकडा यंत्र कलंडण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक क्षमतेच्या ८७ टक्के, यांपैकी जो कमी असेल तो असतो. हात जसा लांब होतो, तसा हा आकडा झपाट्याने उतरतो. आणि साखळीपट्ट्यांच्या दिशेपेक्षा आडव्या बाजूला तो आणखी कमी असतो. म्हणून हिशेब नेहमी सर्वांत प्रतिकूल स्थिती धरून करावा लागतो : हात पूर्ण लांब, यंत्र आडवे आणि बकेट ओल्या मालाने भरलेली. तक्त्यातील आकड्यात बकेटचे वजन धरले आहे किंवा नाही, हेही तपासावे लागते. धरले नसल्यास ते वजा करावे लागते.

मोठी बकेट, तेवढेच काम

वीस टनी यंत्रावर ०.९ घनमीटरची बकेट आहे आणि खोदणे, वळणे, रिकामे करणे व परत येणे हे एक आवर्तन २० सेकंदांत पूर्ण होते, असे मानू. तासातील ५० मिनिटे प्रत्यक्ष काम धरले तर १५० आवर्तने होतात आणि १३५ घनमीटर मोकळी माती निघते. आता त्याच यंत्राला १.२ घनमीटरची बकेट लावली. जड भारामुळे यंत्र मंदावले आणि आवर्तनाला २७ सेकंद लागू लागले, तर तासाला १११ आवर्तने होतात आणि १३३ घनमीटर माती निघते. काम वाढले नाही. उलट प्रत्येक खेपेला पिना, बुश, आर्मचे जोड आणि फिरणारे चक्र यांवरील ताण एक तृतीयांशाने वाढला.

मोठी बकेट फायद्याची ठरत नाही, असा याचा अर्थ नव्हे. माल हलका आणि मोकळा असेल, वळण्याचा कोन लहान असेल आणि आवर्तनाचा वेळ फारसा वाढत नसेल, तर ती निश्चितच उपयोगी पडते. कसोटी मात्र एकच : बकेट बदलण्यापूर्वी आणि नंतर घड्याळ लावून दहा आवर्तने मोजावीत. वेळ ज्या प्रमाणात वाढला, ते प्रमाण क्षमतेतील वाढीएवढे किंवा त्याहून जास्त असेल, तर मोठ्या बकेटचा लाभ नाही.

टिपरशी मेळ घालणे हाही याच हिशेबाचा भाग आहे. खाणीत चार ते सहा खेपांत डंपर भरावा, असे साधारण गणित असते. बांधकामाच्या जागी दहा घनमीटरचा टिपर ०.९ घनमीटरच्या बकेटने अकरा खेपांत, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या आत भरतो. टिपरांची संख्या कमी असेल, तर बकेट वाढवून उपयोग होत नाही; यंत्र टिपरची वाट पाहत उभेच राहते.

देशातील जमिनी आणि बकेटींचे प्रकार

भारतातील जमिनीचे वैविध्य पाहता एकच बकेट सर्वत्र चालणे शक्य नाही. उत्तर प्रदेश, बिहार आणि पंजाबच्या गाळाच्या मैदानांत माती मऊ आणि दगडविरहित असते. तेथे सर्वसाधारण कामाची, पातळ पत्र्याची आणि रुंद बकेट योग्य ठरते. तिचे स्वतःचे वजन कमी असल्याने तेवढा माल अधिक उचलता येतो.

विदर्भ, मराठवाडा, माळवा, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणाच्या काही भागांतील काळ्या कपाशीच्या मातीचा स्वभाव निराळा आहे. ती कोरडी असताना भेगाळलेली आणि टणक असते, तर ओली झाल्यावर फुगते आणि लोखंडाला चिकटून बसते. खोल आणि अरुंद बकेटमध्ये ही माती तळाशी साठत जाते. चालक बकेट झटकतो, तरीही प्रत्येक खेपेला काही भाग तसाच परत येतो. अशा मातीसाठी तोंड रुंद, खोली कमी, पाठ गोलाईची आणि आतील पृष्ठभाग गुळगुळीत असलेली बकेट घ्यावी. काही बकेटींच्या पाठीला भोके ठेवलेली असतात. त्यांतून हवा शिरली, की माती सुटण्यास मदत होते.

या चिकटपणाचा खर्च किती, हे शेततळ्याच्या उदाहरणावरून दिसते. वर ३० बाय ३० मीटर, खोली तीन मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर खोदाई असते. खणलेली माती सुमारे २५ टक्के फुगते असे धरल्यास, वरील यंत्र तासाला १०८ घनमीटर मूळ जमीन काढते आणि निव्वळ खोदाई सुमारे वीस तासांत होते. बकेटमध्ये पाचवा हिस्सा माती चिकटून राहिली, तर तेच काम पंचवीस तासांवर जाते. प्रत्यक्षात यंत्र सरकविणे आणि माती पसरविणे यांचा वेळ वेगळाच असतो. हे पाच जादा तास आणि तेवढ्या तासांचे डिझेल, हा शुद्ध तोटा असतो. आणि तासावर यंत्र लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे कारण बहुधा कोणी सांगत नाही.

मुरूम आणि जांभा या मध्यम कठीण जमिनी आहेत. कोकण, गोवा आणि केरळच्या मलबार भागात आढळणारा जांभा ताजा असताना तुलनेने मऊ असतो आणि हवेत उघडा राहिल्यावर कठीण होत जातो. त्यातील लोहाचे खडे दातांची धार लवकर घालवितात. येथे जाड कडेची, बाजूंना संरक्षक पट्ट्या असलेली आणि थोडी अरुंद अशी भारी कामाची बकेट लागते.

दख्खनच्या पठारावरील अखंड काळ्या पाषाणापुढे कोणतीच बकेट चालत नाही. तेथे आधी ब्रेकर किंवा नियंत्रित सुरुंग वापरावा लागतो. तडे गेलेल्या थरांत एकदाती रिपर कामी येतो. त्यानंतर फुटलेला दगड भरण्यासाठी खडकाची बकेट लावली जाते. तिचा तळ आणि कोपरे जाड, झीजरोधक पोलादाचे असतात. या पोलादाची कठीणता ब्रिनेल मापाने साधारण ४०० ते ५०० असते. ती वजनदार असल्याने तिची क्षमता मातीच्या बकेटपेक्षा कमी ठेवावी लागते. बकेट आपटून दगड फोडणे किंवा ती आडवी फिरवून दगड ढकलणे ही सवय सर्वांत महाग पडते. आडव्या फटक्याचा ताण आर्मच्या जोडांवर आणि फिरत्या चक्राच्या दातांवर येतो, आणि त्या ताणासाठी ते भाग घडविलेले नसतात.

चर खोदताना रुंदीचे महत्त्व

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाल्यानंतर देशभरातील खेड्यांत जलवाहिन्या टाकण्याची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. अशा कामात बकेटची रुंदी हा निर्णायक घटक असतो. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असेल, तर एक किलोमीटरला ७२० घनमीटर खोदाई होते. हाताशी ९० सेंटिमीटरची बकेट आहे म्हणून तीच वापरली, तर खोदाई १,०८० घनमीटरवर जाते. जादा ३६० घनमीटर माती आधी काढावी लागते, मग परत भरून दाबावी लागते. देयक मात्र आराखड्यातील रुंदीचेच मिळते. शिवाय रुंद चरात नलिकेवर मातीचा भार अधिक येतो आणि नीट न दाबलेला रस्ता पावसाळ्यात खचतो. म्हणून बॅकहो यंत्रांसाठी ३० पासून ९० सेंटिमीटरपर्यंतच्या निरनिराळ्या रुंदीच्या बकेटी मिळतात.

अरुंद चराचा दुसरा भाग सुरक्षिततेचा आहे. उभ्या कडांचा खोल चर केव्हाही ढासळू शकतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते. तिच्याखाली सापडलेल्या माणसाला काही मिनिटांत श्वास घेणे अशक्य होते. भारतीय मानक ३७६४ नुसार दीड मीटरपेक्षा खोल चरांना आधार देणे आवश्यक आहे. काढलेली माती चराच्या काठावर रचणेही धोक्याचे असते. माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीएवढी, यांपैकी जे अंतर जास्त असेल तेवढी दूर टाकावी, असा दंडक केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांत आहे. माती इतकी दूर टाकता येईल असा आर्मचा पल्ला आणि त्या पल्ल्यावर पेलेल एवढी बकेट, हा विचार यंत्र ठरवितानाच व्हावा लागतो. चर अरुंद ठेवल्याने खर्च वाचतो. पण त्यात माणूस उतरणार असेल, तर आधाराच्या फळ्यांना लागणारी जागा रुंदीतच धरावी लागते.

शहरांत जमिनीखाली वीज, दूरध्वनी आणि वायू यांच्या वाहिन्या असतात. दातांची बकेट केबलला अडकून ती ओढून तोडते. माहीत असलेल्या वाहिनीच्या आसपास बिनदाती, सपाट कडेची बकेट वापरून थर थर माती काढणे आणि शेवटचा भाग हाताने खणणे हीच सुरक्षित रीत आहे. खोदाईपूर्वी संबंधित संस्थांना कळविता यावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे उपयोजन सुरू केले आहे.

गाळ, तलाव आणि नाले

तेलंगणातील मिशन काकतीय २०१५ मध्ये, महाराष्ट्रातील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आणि देशव्यापी अमृत सरोवर मोहीम २०२२ मध्ये सुरू झाली. या उपक्रमांमुळे तलावांतील गाळ काढण्याचे काम गावोगावी परिचित झाले. गाळ मऊ असल्याने तेथे दातांची गरज नसते. दीड ते दोन मीटर रुंद, उथळ आणि सपाट कडेची बकेट एका ओढीत समतल पृष्ठभाग सोडते.

येथे बकेटच्या निवडीशी पाण्याचाच प्रश्न निगडित आहे. जुन्या तलावाच्या तळाशी चिकणमातीचा घट्ट थर असतो आणि पाणी तोच धरून ठेवतो. दातांची बकेट गाळाखाली किती खोल गेली, हे चालकाला वरून कळत नाही. हा थर फाटला, तर गाळ काढूनही तलावात पाणी टिकत नाही. गाळ संपून मूळ माती लागली, की खोदाई थांबवावी, हा नियम सपाट कडेच्या बकेटने पाळणे सोपे जाते. प्लॅस्टिकचे अस्तर घालावयाच्या शेततळ्यातही शेवटचा हात सपाट बकेटनेच फिरवावा. दातांनी उकरलेले टोकदार खडे पाण्याच्या भाराखाली अस्तराला भोके पाडतात.

ओल्या गाळाच्या वजनाकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. रुंद बकेट मऊ गाळाने सहज काठोकाठ भरते आणि यंत्र बहुधा भुसभुशीत काठावर उभे असते. मोठे नाले काठावरून साफ करण्यासाठी पंधरा ते अठरा मीटर पल्ल्याचे लांब हाताचे यंत्र वापरतात. अशा वीस टनी यंत्राला साधारण ०.४ ते ०.५ घनमीटरचीच बकेट असते. ती लहान दिसते म्हणून बदलणे म्हणजे यंत्र नाल्यात उलटण्यास निमंत्रण देणे होय.

दात आणि झीज

दात हा बकेटचा सर्वांत लहान, पण सर्वाधिक काम करणारा भाग आहे. बकेटच्या कडेवर वितळजोडाने अडॅप्टर बसविलेले असतात आणि त्यांवर पिनेने दात अडकवितात. छिन्नीसारखा रुंद दात माती आणि मुरूम यांसाठी सर्वसाधारणपणे वापरतात. वाघनखासारखा टोकदार दात कठीण, दडपलेल्या जमिनीत आत घुसतो. मात्र तो लवकर झिजतो आणि तळ खडबडीत सोडतो. खडकासाठीच्या दातांत जास्तीचे पोलाद ठेवलेले असते.

कडेचे दात मधल्यांपेक्षा आधी झिजतात. त्यामुळे ठरावीक काळाने दातांची अदलाबदल केल्यास संपूर्ण संच अधिक दिवस टिकतो. दात गळून पडला आणि काम तसेच चालू ठेवले, तर अडॅप्टरचे टोक झिजते आणि मग नवा दात घट्ट बसत नाही. बोथट दातांनी खोदताना यंत्राला अधिक जोर लावावा लागतो, आवर्तन लांबते आणि डिझेल वाढते. दररोज काम सुरू करण्यापूर्वी दात, त्यांच्या पिना आणि कडेवरील तडे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

बकेट बदलताना घ्यावयाची दक्षता

जुनी बकेट विकत घेताना केवळ टनांचा वर्ग जुळणे पुरेसे नसते. पिनेचा व्यास, दोन पिनांमधील अंतर आणि आर्मचे टोक ज्या दोन कानांत बसते त्यांची आतील रुंदी, ही तीन मापे यंत्राशी जुळावी लागतात. वीस टनी वर्गात पिनेचा व्यास साधारण ८० मिलिमीटर असतो. परंतु इतर मापे प्रत्येक कंपनीची निराळी असतात. सैल बसणारी बकेट वाशर टाकून चालविली, तर आर्मचे बुश थोड्याच काळात खराब होतात.

एकाच दिवशी वेगवेगळ्या बकेटी लावाव्या लागत असतील, तर झटपट जोडणीचे साधन म्हणजे क्विक कपलर उपयोगी पडते. त्याचे वजन उचलण्याच्या क्षमतेतून वजा होते आणि दातांचे टोक पिनेपासून थोडे दूर गेल्याने खोदण्याचे बळही घटते. अर्धवट अडकलेली बकेट सुटून खाली पडणे हा याचा गंभीर धोका आहे. म्हणून जोडणी झाल्यावर सुरक्षा पिन बसविणे, बकेट जमिनीवर दाबून पाहणे आणि तोवर कोणालाही जवळ येऊ न देणे, ही शिस्त अनिवार्य मानली जाते.

निवडीचा क्रम

या सर्व विवेचनातून निवडीचा एक सोपा क्रम हाती येतो. आधी मालाचे वजन आणि त्याची ओल पाहावी. त्यानंतर यंत्राच्या तक्त्यावरून सर्वांत लांबच्या पल्ल्यावर किती भार पेलेल, हे काढावे. त्यातून बकेटचे आणि कपलरचे वजन वजा करून उरलेल्या भाराला मालाच्या प्रति घनमीटर वजनाने भागावे. येणारा आकडा ही क्षमतेची कमाल मर्यादा समजावी. मग जमिनीच्या कठीणतेनुसार बकेटचा प्रकार आणि दात ठरवावेत, आणि चराच्या किंवा समतलीकरणाच्या गरजेनुसार रुंदी निश्चित करावी. कामाचे स्वरूप दीर्घकाळ मिश्र राहणार असेल, तर एकच अवाढव्य बकेट घेण्यापेक्षा मध्यम क्षमतेची भारी कामाची बकेट आणि एक सपाट कडेची बकेट अशी जोडी अधिक उपयोगी पडते.

यंत्र भाड्याने घेणाऱ्यासही यातून एक व्यवहार्य बोध होतो. दर तासाचा भाव विचारताना बकेटची क्षमता, रुंदी आणि दातांची स्थिती विचारावी, आणि कामाच्या पहिल्या तासात दहा आवर्तने मोजून घ्यावीत. भाव कमी असलेले यंत्र चुकीच्या बकेटमुळे महाग पडू शकते, आणि योग्य बकेट लावलेले मध्यम यंत्र थोडक्या तासांत काम उरकून जाते.